टेकडीवरचे पोहे

"घरात बसून कांदेपोहे नकोत, मोकळेपणानं बोलू, सकाळी गोगाबाबाच्या टेकडीवर भेटू," असा मुलाकडून फोन आला, तेव्हा मला वाटलं, चला, लोक सुधारलेले दिसतात. आईला टेकडी पटली, पण पोह्यांशिवाय मुलगी दाखवणं काही पटेना. म्हणून धाकट्या बहिणीनं साडी नेसून टेकडी चढायची आणि मी, थोरलीनं, पोह्यांचा डबा नि चहाचा थर्मास घेऊन हमाली करायची, असं ठरलं.

धाकटी लहानपणी पडली होती. तेव्हापासून डावा पाय जरा ओढत चालते. आम्ही ते कधी लपवलं नाही. पण आधीची स्थळं त्यावरूनच फिरली होती. हेही गेलं तर आई अंथरूण धरणार, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

मुलासोबत त्याची आत्याही हजर! मोकळेपणानं बोलायला आत्या कशाला, देव जाणे. टेकडी छोटी, पण चढ उभा, आणि पायाखालून मुरूम सटकत होता. मी सारखी म्हणत होते, "आत्याबाई, तुम्ही व्हा ना पुढं." बाई काही पुढं होईनात.

"तुमी चला, मी येते हळूहळू."

मुलगा मुकाट्यानं पुढं चालला होता. बोलायला आणलं होतं म्हणे!

डबा या हातातून त्या हातात घेताना मी मागं वळून पाहिलं. आत्याबाईंची नजर धाकटीच्या टाचांवर खिळली होती. पूर्वी मुलीला घरातल्या घरात चालवून बघायचे. या शहाण्यांनी त्यासाठी अख्खी टेकडी शोधून काढली होती. माझं डोकं असं भडकलं, की वाटलं डबा तिथूनच खाली भिरकावून द्यावा.

माथ्यावर वारा छान सुटला होता. खाली मकबरा, लांब देवगिरीचा किल्ला, सगळं स्वच्छ दिसत होतं, पण मला कसलं सुचतंय! धाकटीनं पदर खोचला, पोहे वाढले, पहिली बशी आत्याबाईंच्या हातात दिली आणि त्यांच्या समोरच बसली.

"वाटभर पाय बघून झाले असतील, तर आता तोंडाकडं बघा, आत्या," ती म्हणाली. "मला हे स्थळ पसंत नाय."