ओल्या वाळूवरचा ट्रक

मोशीच्या माझ्या मित्राने देहूरोडच्या लिलावातून मिलिटरीचा जुना ट्रक घेतला होता. एरवी त्यातून चाकणच्या बाजाराला कांदे जात. त्या वर्षी दिवाळी सरल्यावर त्याने हौदा धुऊन काढला, वर ताडपत्री ताणली, आत दोन बाजा, स्टोव्ह आणि पाण्याचा पिंप ठेवला आणि म्हणाला, "चला, बायकांना समुद्र दाखवू. घर बरोबरच हाय."

खरं तर समुद्र पाहायचा होता तो आम्हा दोघांना आणि त्याच्या बायकोला. माझी बायको समुद्राकाठीच वाढलेली. तिचे वडील देहूरोडला नोकरीत असताना आमचं लग्न झालं. पुढे ते रत्नागिरीकडे आपल्या गावी परतले आणि ती चिखलीच्या आमच्या माळकरी घरात राहिली. आमच्या चुलीवर मासळी चढायचा प्रश्नच नव्हता. तिला कोणी बंदी घातली नव्हती, तिनेही कधी काही मागितलं नव्हतं. पण आठवड्याच्या बाजारात सुक्या बोंबलांच्या पाटीपाशी तिची चाल मंद व्हायची. ते मला दिसायचं आणि मी पुढे चालत राहायचो. माझ्या मनाला ते फार खायचं. या खेपेला तिला विचारायचं, असं मी ठरवलं होतं. खंडाळ्याचा घाट उतरलो, पेण मागे पडलं, तरी शब्द ओठांवर आला नाही.

अलिबागच्या पुढे सुरूच्या एका बनापाशी पोहोचलो तेव्हा ऊन कललं होतं. समुद्र बराच आत गेला होता. काठची वाळू भुसभुशीत, खालची ओली वाळू मात्र सारवलेल्या खळ्यासारखी टणक. मित्राने ट्रक थेट तिच्यावर नेला.

"हितं बरं. पानी पार तिकडं हाय."

आम्ही इंद्रायणीकाठची माणसं. दिवाळीनंतर पाणी उतरतं, एवढंच आम्हाला ठाऊक. मी चाकांना दगड लावले. बायको खाली उतरली, तिने वाळूकडे पाहिलं, पदर खोचला आणि पिठाचा डबा उचलून बाजेवर ठेवला. मला त्याचा अर्थ कळला नाही.

पिठलं होईस्तोवर चाकं पाण्यात होती.

"वरच्या अंगाला पाऊस झाला वाटतं," मित्र म्हणाला.

"अवो, समुद्राला कुठलं आलंय वरचं अंग?" त्याची बायको म्हणाली.

ट्रक चालू केला तर चाकं आणखी रुतली. शेवटी एका वाडीवाल्याने बैल आणले. मित्र कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून त्यांना चुचकारत होता. ट्रक सुरूखाली येऊन थांबला तेव्हा आम्ही सगळेच चिंब होतो.

बायको साडीचा काठ पिळत होती.

"भरती येणार हे तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? भावोजी आणि तुम्ही ठरवून मोकळे." ती रागावली नव्हती. पिळलेला काठ झटकत म्हणाली, "वाटलं, इथे तरी विचाराल."

सकाळी एक कोळीण पाटी घेऊन आली. ताजे बांगडे होते. बायको लांबूनच बघत होती. मी तिच्यापाशी जाऊन उभा राहिलो.

"खाणार?"

तिची नजर माझ्या गळ्यातल्या माळेवर गेली. "भांडी घरची आहेत. आईंना चालायचं नाही."

"मग कसं करायचं?"

"भांडं कशाला लागतंय?"

वाडीतून तिने केळीची पानं मागून आणली. मीठमिरची चोळून बांगडे पानांत गुंडाळले आणि आधी एक पान निखाऱ्यांवर ठेवलं.

"वहिनी, एक हिकडं," मित्र म्हणाला. "आन तू रं, जरा लांब बस. वास लागून माळ तुटंल."

मी लांब गेलो नाही. तिच्याशेजारी बसून विस्तव सारखा करत राहिलो. खायला बसताना ती घरच्या सवयीने माझ्याकडे पाठ करून बसली.

"इकडे तोंड करून जेव," मी म्हणालो.

ती वळली. काटे काढताना तिला खाली बघावंही लागत नव्हतं. नजर समुद्राकडे, बोटं आपलं काम करत होती. इतक्या वर्षांत मी तिला असं निवांत जेवताना पाहिलं नव्हतं.

मी दुसरं पान निखाऱ्यावर सरकवलं. थोड्या वेळाने विचारलं, "हे झालं का बघ."

तिने पानाची कड उचलून पाहिली.

"अजून थोडं," ती म्हणाली.