खांबाला वळसा

मिस्त्रींविषयी मी लिहावं, इतकी माझी त्यांच्याशी ओळख नव्हती. बावीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, पण त्यांचं शिक्षण किती, भाऊ किती, हे मला आजही सांगता येणार नाही. एकदा पाच दिवस त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून हिंडलो. त्यातही मला मुख्यतः त्यांची पाठच दिसली. तेव्हा या लिहिण्यात काही चुकलं तर ते माझं.

मिस्त्री मोटरसायकली दुरुस्त करायचे. दुरुस्त केलेली गाडी ते स्वतः चालवून बघितल्याशिवाय देत नसत. दुकानापासून निघायचं, कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला वळसा घालायचा आणि परत यायचं. याला ते ट्रायल म्हणत. ट्रायल चालू असताना त्यांची मान डावीकडे कललेली आणि कान इंजिनाकडे असे. समोरून सख्खी बायको आली तरी ओळख नाही. लोक त्यांच्या हातून गाड्या नीट करून घेत, उंच डोंगरांतल्या खिंडी पार करून येत आणि खिंडीवरच्या पाटीशेजारी काढलेले फोटो त्यांना दाखवत. मिस्त्री फोटो डोळ्यांजवळ धरून म्हणत, "चेन ढिली पडलीय. गाडी टाकून जा." त्यांची स्वतःची गाडी मात्र त्या खांबापुढे गेल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

ही गाडी दुकानात नव्हे, घरात राहायची. पुढच्या खोलीत, खिडकीशी, खाली पुठ्ठा घालून. पाहुणे आले तर एकाला खुर्ची, दुसऱ्याला कॉट आणि तिसऱ्याला गाडीची सीट. मिस्त्रींच्या बायकोला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. त्या पडदे आणि उशांचे अभ्रे शिवून द्यायच्या. त्यांचं शिलाई मशीन स्वयंपाकघरात होतं. तिथे भर दुपारी दिवा लावून सुईत दोरा ओवावा लागे.

वहिनींच्या चष्म्याचा नंबर वाढला त्या दिवशी मी तिथे पेपर परत करायला गेलो होतो.

"उजेड गाडीला आणि अंधार मला," वहिनी म्हणाल्या. "हिला भंगारात द्या आणि ती खिडकी मला द्या."

"भंगारात? ती अजून सगळ्यात उंच खिंड चढेल."

"आधी कोपऱ्यावरचा खांब ओलांडेल का ते बघा."

बोलता बोलता ठरलं ते असं. गाडी स्वतःच्या बळावर खिंडीच्या पाटीपर्यंत पोचली तर घरात राहील. नाही पोचली तर भंगारवाला. पुरावा म्हणून फोटो हवा.

"आणि भावजींना बरोबर न्या," वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या. "ते खोटं बोलले की त्यांचे कान लाल होतात."

मला नाही म्हणता आलं नाही. मला ते कधीच येत नाही.

निघायच्या दिवशी मिस्त्रींनी मला दोन पिशव्या उचलायला लावल्या. मी पोस्टात पार्सलच्या खिडकीवर वजन करायचो. मिस्त्री मला पोस्टमास्तर म्हणत आणि ती चूक सुधारण्याचा धीर मला कधी झाला नाही.

"एक्केचाळीस किलो," मी म्हणालो. "यात आहे तरी काय?"

"सुटे भाग. सगळे घेतलेत."

"मग उरलेली गाडी कशाला नेताय?" वहिनींनी आतून विचारलं.

पहिल्या दोन खिंडी गाडीने कुरकुरत का होईना, पार केल्या. आयुष्यात पाहिलं नव्हतं असं काही मी त्या दिवसांत पाहिलं. रस्ता डोंगराला दोरा गुंडाळावा तसा वर जात होता. खाली नदी, मग नदीची रेघ, मग तीही नाही. एका वळणावर इतकं निळं तळं दिसलं की मी न राहवून मिस्त्रींच्या खांद्याला हात लावला.

"मिस्त्री, तळं बघा."

"बोलू नका. आवाज ऐकू येत नाही."

तिसरी खिंड सगळ्यात उंच. तिच्या चढावर हवा पातळ झाली आणि गाडीला धाप लागली. मिस्त्री थांबले.

"पोस्टमास्तर, एकाला उतरावं लागेल."

"पिशव्यांना?"

"पिशव्या लागतील हो."

मी उतरलो. मग मी चालायचो आणि ते पुढच्या वळणावर माझी वाट बघायचे. शेवटून दुसऱ्या वळणावर गाडी खोकली आणि बंदच पडली. मी दगडावर बसून श्वास गोळा करू लागलो. मिस्त्रींनी प्लग काढला. तो काजळीने काळा झाला होता. त्यांनी तो घासला, कार्ब्युरेटरचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला, बोटांवर फुंकर घातली आणि किक मारली. गाडी सुरू झाली.

"जरा ट्रायल घेऊन येतो," म्हणाले आणि गेले. कॅमेरा माझ्या गळ्यात होता.

गाडी वळणामागे दिसेनाशी झाली. आवाज तेवढा ऐकू येत राहिला. पाव तासाने मिस्त्री परत आले. चेहऱ्यावर समाधान.

"खोकला गेला."

"वर काय आहे?"

"काही नाही. एक खांब आहे. त्याला वळसा घालून आलो."

त्यांच्यामागोमाग रस्त्याचं काम बघणारा माणूस लाल झेंडी घेऊन खाली आला. वर बर्फ सुरू झालं होतं, रस्ता बंद, सगळ्यांनी माघारी फिरायचं.

"आम्हाला फक्त पाटीपर्यंत जायचंय," मी म्हणालो.

झेंडीवाला म्हणाला, "हे आत्ता त्या पाटीच्याच खांबाला तर वळसा घालून आले. वर दुसरा खांब नाही."

मिस्त्री रस्त्यावरच बसले. त्यांनी मला विचारलं, "म्हणजे मी जाऊन आलो?"

"आलात."

"कसं होतं?"

हे मला कसं माहीत असणार?

आम्ही घरी पोचलो तेव्हा वहिनी मशीनवर होत्या. मिस्त्रींनी सगळं सांगितलं. वहिनींनी पाय थांबवला नाही.

"खांबाला वळसा घालून आलो, हे मी चाळीस वर्षं ऐकतेय. भावजी, तुम्ही पाहिलंत?"

"नाही," मी म्हणालो.

मिस्त्रींनी मान खाली घातली. भंगारवाल्याचं दुकान आमच्या घरापासून चार दुकानं सोडून होतं.

"पण ऐकलं," मी म्हणालो.

"काय ऐकलं?"

मला सांगता येईना. शेवटी मी आवाज काढून दाखवला. पोस्टाच्या खिडकीवर कोणी दोनदा ओरडलं तरी ज्याने आवाज चढवला नव्हता तो मी, वहिनींच्या स्वयंपाकघरात उभा राहून मोटरसायकल झालो. आधी घर्र घर्र, जड. मग आणखी जड. मग अचानक मोकळा, हलका आवाज.

वहिनींचा पाय थांबला. "शेवटचं पुन्हा करा."

मी पुन्हा केलं.

"हा मोकळा आवाज किती वेळ?"

"पाच-सहा श्वास. मग परत येताना नुसती फटफट."

"चढावर गाडी अशी मोकळी होत नाही," वहिनी म्हणाल्या. त्यांनी उठून माझे दोन्ही कान बघितले. "सपाटीला लागली असणार. म्हणजे माथा आलाच." मग मिस्त्रींकडे वळून, "पाटीवर काय लिहिलं होतं तेवढं तरी वाचायचं."

"ट्रायल चालू होती ना," मिस्त्री म्हणाले.

गाडी घरात राहिली. पण वहिनींनी ती खिडकीपासून ओढून दाराशी उभी केली आणि खिडकीत मशीन मांडलं. मशीनच्या आवाजात मिस्त्रींची दुपारची झोप गेली. माझी सवय गेली ती सरळ आत शिरण्याची. पुढची सहा वर्षं मी त्या घरात तिरका होऊनच गेलो.

मिस्त्री वारले त्याच्या तीन दिवस आधी, मंगळवारी, मी पेपर परत करायला गेलो होतो. हँडलमध्ये माझ्या सदऱ्याचा खिसा अडकला. मिस्त्री कॉटवर पडून होते.

"फाटला का?"

"नाही, थोडा उसवलाय."

"हिच्याकडे द्या, मशीन चालूच आहे. आणि उद्यापासून आधी उजवा खांदा आत घाला."

"बरं," मी म्हणालो.