मुठीत न मावलेली पेन्सिल

आधी शफीकचाचांचं नाव लिहिते, आजाराचं नंतर. इथल्या टेनिस कोर्टाच्या जिन्याखाली मशीन ठेवून ते रॅकेटला स्ट्रिंग बसवतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळं निम्मं काम बोटांनी चाचपून. त्यांनी टोकलं नसतं, तर हे लिहायला मी असते की नाही, सांगता येत नाही.

आता आजाराचं. सोनोग्राफीच्या टेबलावर उजवा हात पसरून पडले होते. डॉक्टरबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "डीप व्हेन थ्रॉम्बोसिस." म्हणजे आतल्या मोठ्या नसेत रक्त गोठून रस्ता बंद होणं. माझी गुठळी खांद्याजवळ होती.

मी विचारलं, "शनिवारी मॅच आहे, तोवर बरं होईल?"

त्यांनी चष्मा काढला. "गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर श्वास बंद पडेल. मॅचचं काय घेऊन बसलीस?"

मी कागलकडची. साखर कारखान्याच्या ऑफिसर कॉलनीत कोर्ट होतं आणि वडील कारखान्यात फिटर, म्हणून टेनिस हातात आलं. नववीनंतर त्यासाठीच शाळा सोडली. बक्षिसाच्या स्पर्धा खेळायच्या, सकाळी लहान मुलांना शिकवायचं, एवढंच जमतं मला. इथं शहरात, पुंडलिकनगरात खोली घेऊन सहा महिने झाले होते. हात गेला तर पुढं काय, हा विचार त्या टेबलावरच सुरू झाला, तो अजून पुरता थांबलेला नाही.

सुरुवात साधी होती. सर्व्हिस करताना हात जड वाटायचा, संध्याकाळी दंड ताठायचा. स्नायू दुखावला असणार, असं मीच ठरवून टाकलं. घरमालकीणकाकूंनी कोमट तेलानं हात चोळून दिला, दोन दिवस, अगदी मायेनं. चूक त्यांची नव्हती, माझी होती. "गुठळी असलेला हात चोळायचा नसतो," हे मला नंतर डॉक्टरबाईंकडून कळलं.

हात जड, म्हणून चाचांकडं जाऊन रॅकेटच्या तारांचा ताण कमी करून घ्यायची. दोन पौंड, परत दोन पौंड. तिसऱ्या दिवशी ते हसले. "बेटा, आणखी ढिली केली तर रॅकेट नाय राहणार, मच्छी पकडायची जाळी होईल."

"मग रॅकेटच्या मुठीवरची एक पट्टी काढा. मूठ जाड झालीय."

"मी बांधलेली मूठ एका रात्रीत जाड होती व्हय?" त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. त्यांची जुनी पद्धत आहे ही. खेळाडूनं मूठ धरली की बोटांची टोकं आणि तळवा यांच्यामध्ये पेन्सिल सरकवून बघायची. सरकली तर माप बरोबर. डाव्या हातात अलगद सरकली. उजव्या हातात तिला जागाच नव्हती.

"मूठ नाय गं, तुझा हात जाड झालाय," ते म्हणाले. आवाजातली मस्करी संपली होती. त्यांनी हात उजेडात धरायला लावला. बोटं निळसर, खांद्यावर नसांचं जाळं उठलेलं. मी ते आरशात रोज बघत होते आणि मेहनतीची खूण समजत होते.

मी म्हटलं, शनिवारनंतर डॉक्टरांना दाखवते. त्यांनी रॅकेट मशीनमागं ठेवून दिली. "दाखवून ये, मग देतो. आता लई शहाणपणा नको."

त्याच दुपारी त्यांच्यासोबत रिक्षानं दवाखाना. कॅथेटर डायरेक्टेड थ्रॉम्बोलिसिस करायचं ठरलं. म्हणजे बारीक नळी नसेत घालून थेट गुठळीवर औषध सोडायचं. संमतीचा फॉर्म इंग्रजीत. मला नीट वाचता येईना, चाचांना दिसेना. सिस्टरनं वाचून दाखवला. रक्तस्राव होऊ शकतो, हे वाक्य मी दोनदा वाचायला लावलं. मग तिनं चाचांना विचारलं, "पेशंटचे कोण?"

"तिची रॅकेट बांधतो."

"अहो बाबा, नातं विचारतेय."

"मग चाचा लिहा की."

दोन दिवस आयसीयूत. नळी हलेल म्हणून हात हलवायचा नाही. नाकातून थेंबभर रक्त आलं तरी वाटायचं, आता संपलं. बाहेरच्या बाकावर चाचा बसून होते. आईला फोनवर मी म्हटलं होतं, "जरा लचकलंय." खरं त्यांनीच सांगितलं. आई आली, आधी मला रागावली, मग रडली.

गुठळी विरघळली. पण गळ्याच्या हाडाखालची पहिली बरगडी नस दाबत होती. वर्षानुवर्षं डोक्यावरून सर्व्हिस मारणाऱ्यांना असं होऊ शकतं, म्हणे. पुढं फर्स्ट रिब रिसेक्शन, म्हणजे ती बरगडी काढायची शस्त्रक्रिया, तीही झाली. नंतर तीन महिने रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या. भाजी चिरतानाही बोट कापेल म्हणून धाकधूक व्हायची.

तुम्ही खेळत असाल, ओझी उचलत असाल आणि एकच हात सुजून निळसर दिसला, तर चोळू नका, थांबू नका. डॉक्टरांना दाखवा. डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे नसांतून रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी तपासणी, सुईशिवाय होते. मी आणखी थांबले असते तर गुठळी इतकी सहज विरघळली नसती, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

शस्त्रक्रियेनंतरचा आता पाचवा महिना. फोरहँडला परवानगी मिळालीय, सर्व्हिसला नाही. मिळेल का, विचारलं तर "बघू" म्हणतात. ती पेन्सिल चाचांनी मलाच दिलीय. रोज उठल्यावर आधी रॅकेटची मूठ धरते, पेन्सिल सरकवते. सरकली की मग चहा.

चाचांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मात्र दरवर्षी पुढं ढकललं जातंय. "सीझन संपू दे," म्हणतात. खरं म्हणजे घाबरतात, हे मला आता ओळखता येतं. मी परत स्पर्धा खेळेन की नाही, माहीत नाही. पण चाचा, एक दिवस तुम्हाला मी ऑपरेशनला घेऊन जाणार. आत तुम्ही असाल, बाहेरच्या बाकावर मी. सिस्टरनं विचारलं, पेशंटची कोण, तर मी अडखळणार नाही. पुतणी लिहा, म्हणेन.