बौद्ध धर्माचा रविवार

"तुम्ही राहू द्या. तुमचा धर्म अजून ओला आहे. वाळू द्या थोडा," सर म्हणाले. वर्ग हसला. मीही हसलो.

धंतोलीतला सर्वधर्म अभ्यासवर्ग. शहात्तर-सत्त्याहत्तर साल असेल. दर रविवारी एक धर्म. नियम सरांनीच घातलेला: ज्याचा धर्म, त्यानेच बोलायचं. इस्लामवर मौलवी बोलले, ख्रिस्ती धर्मावर पाद्री, शीख धर्मावर वर्गातलेच सरदारजी. हा रविवार माझा होता. खापरखेड्याला वीज केंद्रात कारकुनी करून पंधरा दिवस मी टिपणं काढली होती.

"बौद्ध धर्मावर मीच बोलतो. शेवटी आपलीच शाखा ती," सर पुढे म्हणाले.

मी जागेवर येऊन बसलो. सर सांगत ते वहीत उतरवू लागलो.

मागून आवाज आला. "सर, थो बोलणार होता न जी. त्याले बोलू द्या."

बाबा. छप्पन साली दीक्षा घेतलेले. मला ऐकायला धुवट धोतर नेसून आले होते.

"हे कोण?" सरांनी मला विचारलं.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "ओळखीचे आहेत. गावाकडचे."

बाबांनी चपला हातात घेतल्या आणि बाहेर गेले. परतताना बसमध्ये एवढंच म्हणाले, "कोन्या गावचा गा मी?"

तरी पुढचे दोन रविवार मी गेलो. कॉलेजात नोकरीला लावून देतो, असा सरांचा शब्द होता. त्या शब्दाला मी बांधलेला होतो. खाली मान घालून लिहीत राहिलो. घरी बाबा, इथे सर. श्वास घ्यायला जागा नव्हती.

समारोपाला सरांनी मलाच आभार मानायला सांगितलं. "सगळे धर्म इथे एका सतरंजीवर बसले, असं म्हणा."

मी उभा राहिलो. "त्या दिवशी उठून गेले ते माझे वडील. मी खोटं बोललो. आणि माझ्या धर्मावर या वर्गात त्या धर्माचा माणूस अजून बोललेला नाही."

"खाली बसा."

"नाही बसणार."

पाऊण तास बोललो. अर्धा वर्ग उठून गेला. कॉलेजचं नाव पुन्हा निघालं नाही.

बाबांना सगळं सांगितलं. पुढे माझं भाषण ऐकायला ते कधीच आले नाहीत. आता ते नाहीत.

हे लिहून मला हलकं व्हायचं नाही. सर्वधर्माच्या सभेला मी आजही जातो, बोलावलं तरी, न बोलावलं तरी. उभा राहतो. आधी वडिलांचं नाव सांगतो. मग बोलतो.