टोकन आपल्याच हातानं काढायचं

मी नोकरीसाठी निघाले त्या दुपारी अण्णा वाळूजहून पहिली पाळी करून कंपनीच्या शर्टातच घरी आले. आईनं बुद्धवंदना म्हणायला लावली आणि डब्यात धपाटे कोंबले. मग अण्णांनी माझ्या खोलीला स्वतः कुलूप घातलं, ओढून पाहिलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. पडेगावात आमच्या गल्लीत पोरीला वेगळी खोली म्हणजे नवलच. शेजारचे काका हसून म्हणाले, "पोरीला कशाला कुलूप-किल्ली? ती तर पाहुणी." अण्णा फटकन बोलले, "माझ्या घरी लेक पाहुणी नाय. लेकीचं बी घर हाय हे." त्या एका वाक्याच्या जोरावर मी घाट उतरून कोकणात गेले.

तिथं खाडीच्या तोंडाशी गॅसचं टर्मिनल बांधत होते. परदेशातून जहाजानं येणारा गॅस इतका गार केलेला असतो की तो पाण्यासारखा पातळ होतो. तो उतरवून अवाढव्य टाक्यांत ठेवायचा, पुन्हा वायू करायचा आणि पाइपलाइननं घाटावर पाठवायचा. टाकी बांधली जात होती तेव्हा माझी नेमणूक सेफ्टीत, टाकीच्या तोंडाशी. आत जाणाऱ्यानं आपलं टोकन बाहेरच्या फळीवर लटकवायचं, बाहेर आल्यावर आपल्याच हातानं काढायचं. दुसऱ्याच्या टोकनाला कुणीही हात लावायचा नाही. फळी रिकामी झाली तरी झाकण लावण्याआधी आत तोंड घालून हाक मारायची, "कोणी आहे का?" एकदा एक वेल्डर टोकन तसंच ठेवून जेवायला गेला. मी सगळं काम थांबवून त्याला भरल्या ताटावरून उठवून आणलं. साहेब चिडले, पण मी ऐकलं नाही. नियम म्हणजे नियम, त्यात माझा हट्ट अण्णांवर गेलेला.

माझ्यासारख्या घर सोडून गेलेल्या पोरींना पुढचं सांगायला नको. भाकरीवरची मी भातावर आले. माशाच्या वासानं मळमळायचं, तिथपासून काटे काढून खाण्यापर्यंत मजल गेली. तिथले लोक मला घाटी म्हणायचे, आणि मी फोनवर चुकून 'गो' म्हटलं की घरचे म्हणायचे, कोकणी झाली. परमिट, जेट्टी, शटडाऊन, असल्या शब्दांत दिवस जायचा. रविवारी मात्र आईचा फोन. "तुझी खोली तशीच हाय माय. खिडकीत चिमणीनं घरटं केलंय." मग दर रविवारी मी त्या चिमणीची चौकशी करायची. पिल्लं झाली का? उडाली का? "एक उडालं, एक बसलंय अजून," आई सांगायची. कंपनीच्या हॉस्टेलवरच्या सगळ्या पोरींना ती चिमणी माहीत होती. व्हिडिओवर दाखव म्हटलं की आईची रेंज जायची.

शेवटच्या टप्प्यात सुट्ट्या बंद झाल्या. वर्षाच्या वर घरी जाता आलं नाही. टर्मिनल सुरू झालं, लाइन आमच्या संभाजीनगरला पोचली, आणि तिथं माणसं लागणार म्हटल्यावर मी बदली मागितली. मिळालीही! घरी न कळवता ट्रंक घेऊन आले, त्यांना चकित करायला.

चकित मीच झाले. माझ्या खोलीच्या जागी स्वयंपाकघर होतं. मधली भिंत पाडलेली, खिडकी बुजवलेली, तिथून गॅसचा पाइप आत आलेला. माझं कुलूप कापून फडताळावर ठेवलेलं. आई गडबडीनं म्हणाली, "बघ, तुझाच गॅस हाय ह्यो."

मी विचारलं, "आणि चिमणी?"

आईनं चहाचं आधण ठेवलं.

अण्णा म्हणाले, "संजूला पोरीकडचे बघायला येतेत. घर दिसाया नको का? आन् तू काय, आज ना उद्या जाणारच की."

"सांगायचं तरी होतं."

"तू तिथं एकटी. जिवाला लावून घेतलं असतंस."

संजू माझा धाकटा भाऊ. त्याच्यासाठी मागितली असती तर मी स्वतः किल्ली दिली असती. खोलीचं दुःख नाही मला. राग याचा आहे की नसलेल्या खिडकीसाठी मी परमुलखात झुरत राहिले, आणि ते झुरणं, घरच्यांनो, तुम्ही सगळ्यांनी मिळून, पिल्लांसकट, माझ्यासाठी रचलं. मी तो चहा प्यायले. माझ्याच टर्मिनलच्या गॅसवरचा चहा.

बदली मी नाकारली. कोकणात परत निघताना अण्णांनी हात पुढे केला, "ती किल्ली दे इकडं. आता काय काम तिचं?" मी दिली नाही.

आता ती माझ्या क्वार्टरमध्ये खिळ्याला आहे. कोणी घर कुठं विचारलं तर तोंडातून पडेगावच निघतं, आणि मग माझाच मला राग येतो. घरी राहिलेल्यांनो, जागा लागते हे मला कळतं. तुम्ही फोन करता, माझ्यासाठी घरावर नवी खोली बांधू म्हणता. बांधा. पण अण्णा, झाकण लावण्याआधी एकदा हाक मारायची असते. आत मी होते.