दाजी, हात!

माझा साडू बावीस वर्षं एकाच बेकरीत पीठ मळत होता. आमच्या दोघांच्या बायकांचा धाकटा भाऊही तिथेच. त्याला तिथे चिकटवला साडूनेच. आणि मालकाने त्यालाच मुकादम केलं! मग काय विचारता.

नियम तसा चांगला होता. ज्याच्या हाताला पिकलेली जखम, त्याने पिठाला हात लावायचा नाही. पण मेहुण्याने त्याचा तमाशा मांडला. रोज सकाळी सगळ्यांच्या देखत तपासणी. डाव्या हातात पेन्सिल, तिच्या टोकाने साडूचं एकेक बोट उचलायचं. स्वतःचा उजवा हात मात्र तेवढा वेळ खिशात.

"दाजी, हात!"

"बघ. याच बोटाला धरून तू इथे आलास."

"म्हणूनच नीट बघतो."

पाव भाजायच्या पत्र्यांच्या कडांनी बोटांना ओरखडे जायचेच. बावीस वर्षं जात होते, तीन दिवसांत भरत होते. आता मात्र प्रत्येक ओरखडा पिकायला लागला. दोन महिन्यांत चारदा! मुकादमाने सांगून टाकलं, "पाचव्यांदा पिकलं की पीठ बंद, कायमचं. गेटवर बसायचं." पीठ सोडून साडूला दुसरं काही येत नव्हतं. साधा चहा केला तरी उतू जायचा.

मीच त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बोट पाहिलं, मलम लिहिलं आणि विचारलं, "घोर कसला लागलाय?"

"घोर नाही, मेहुणा लागलाय," साडू म्हणाला.

मी हसलो, डॉक्टर हसले नाहीत. "कातडी स्वतःच जंतू मारायचं औषध बनवत असते. माणूस सतत धास्तीत राहिला की शरीरात असं काही वाढतं, की ते औषध कमी पडतं. जखम भरायलाही वेळ लागतो. मग साधा ओरखडाही पिकतो."

हे ऐकलं आणि मेहुणीने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. बाई हुशार. नवऱ्याचं बोट पिकलं की तारखेवर फुली मारायची तिला सवय. मधे मुकादम घराला रंग द्यायला अकरा दिवस रजेवर होता. त्या अकरा दिवसांत साडूला दोन ओरखडे गेले आणि फुली एकही नाही! आता सख्खा भाऊ, पण तिने बोट ठेवून सांगितलं, "हे दुखणं माझ्या माहेरचं आहे."

पुढच्याच आठवड्यात पाचव्यांदा बोट पिकलं. त्या सकाळी मेहुणी कॅलेंडर काखेत मारून नवऱ्याबरोबर बेकरीत गेली. मालक दारातच उभे होते.

"दाजी, हात!"

"आधी तुझा दाखव," मेहुणी म्हणाली.

"ताई, हे घर नाही."

"उजवा. खिशातला."

अख्खी बेकरी थांबली. मालक म्हणाले, "दाखव रे." आणि मेहुण्याने हात काढला. अंगठ्याला हे एवढं नखुरडं, लालभडक, पिकलेलं! मालक रोज त्याला झापायचे, हा रोज नखं कुरतडायचा, आणि त्याच हाताने पाव मोजून पेट्यांत भरायचा.

मालकांनी कॅलेंडर वाचलं. दोघांनाही हात बरे होईस्तोवर घरी बसवलं. 'पाचव्यांदा'ची धमकी रद्द केली आणि तपासणी भट्टीवरच्या बाईंकडे दिली. ती बाई पेन्सिल वापरत नाही.

सहाव्या दिवशी साडूचं बोट कोरडं झालं. कामावर परत घेण्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी हवी, म्हणून आम्ही गेलो, तर डॉक्टरांच्या खोलीतच बाकावर मेहुणा! अंगठा सुजलेलाच. साडू मुद्दाम त्याच्या समोर बसला, मांडीवर दोन्ही पंजे पसरून, दहाही बोटं दिसतील असे.

डॉक्टरांनी मेहुण्याचा अंगठा उलटसुलट पाहिला. "औषध लागू पडत नाही. घोर कसला आहे?"

मेहुण्याने डाव्या हाताने समोर दाखवलं. "त्यांना आधी बाहेर बसवा."

"चिठ्ठी मिळाल्याशिवाय हलत नाही," साडू म्हणाला आणि बोटं आणखी पसरली.