टँकरच्या ओल्या रेघेचा खटला

नांदगाव तालुक्यातल्या आमच्या गावात उन्हाळ्यात टँकरचं पाणी गावविहिरीत ओतायचे आणि आम्ही बायका ते दोरानं शेंदायचो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या मे महिन्यात टँकरचा आवाज रोज यायचा आणि विहीर कोरडीच असायची. टँकर गळका होता, धुळीत त्याची ओली रेघ उमटायची. एका दुपारी आम्ही चार-पाच जणी रिकामे हंडे घेऊन त्या रेघेमागे चालत गेलो. रेघ गावविहिरीकडे वळलीच नाही. ती थेट सरपंचांच्या डाळिंबाच्या बागेत गेली आणि टँकरचा पाइप त्यांच्या विहिरीत सोडलेला आम्ही डोळ्यांनी पाहिला.

मी अंगणवाडी सेविका. चौकातल्या फळ्यावर पोलिओच्या डोसाची सूचना मीच लिहायची. संध्याकाळी त्याच फळ्यावर लिहिलं, 'गावाचा टँकर आज सरपंचांच्या विहिरीत रिकामा झाला.' कुणीतरी लगेच पुसलं, पण तोवर गावानं वाचलं होतं. पुढं मला कोर्टाचं समन्स आलं. बदनामीचा खटला! शिक्षा झाली असती तर अंगणवाडी हातची गेली असती.

वकील म्हणाले, "ताई, सरळ नाही म्हणा. खडूचं अक्षर, तेही पुसलेलं. तुम्हीच लिहिलं हे त्यांना सिद्ध करू द्या."

"पण मी लिहिलंय. आणि ते खरं आहे."

"खरं आहे म्हणालात की लिहिल्याची कबुली झाली. मग ते खरं होतं हे तुम्ही सिद्ध करायचं. तेवढ्यानं भागत नाही. लोकांच्या भल्यासाठी लिहिलं, हेही दाखवावं लागतं."

माझं डोकंच फिरलं. "गावाचं प्यायचं पाणी पळवलं हे सांगण्यात लोकांचं भलं नाही, तर काय माझ्या माहेरचं आहे?" वकील हसले. मला हसू आलं नाही.

सरपंचांनी निरोप धाडला, फळ्यावर 'माहिती चुकीची होती' एवढं लिही, खटला मागं घेतो. नवरा म्हणाला, "लिहून टाक ना, एक ओळ तर आहे." मी म्हटलं, "एका ओळीसाठीच मला कोर्टात ओढलंय. ही दुसरी मी मेले तरी लिहिणार नाही."

साक्षीच्या वेळी बरोबरच्या बायका एकेक करून मागं सरल्या. एकीचं घरकुल मंजूर व्हायचं होतं, दुसरीचा मुलगा सरपंचांच्या ट्रॅक्टरवर होता. त्यांचा मला राग आला आणि तो अजून पुरता गेलेला नाही. उरल्या सासूबाई. त्या दुपारी त्याही हंडा घेऊन आल्या होत्या. पण सरपंच त्यांच्या सख्ख्या भावाचा मुलगा, माहेर दोन गल्ल्या पलीकडं. त्यांना विचारायला माझी जीभ रेटेना. त्यांनीच एक दिवस वकिलांना सांगितलं, "माझं नाव घाला."

कोर्टात समोरच्या वकिलांनी त्यांना विचारलं, "सून आहे म्हणून बोलताय ना, आजी?"

"सून तर परवा आली. ह्याला म्या मांडीवर घेऊन न्हाऊ घातलंय. खोटंच बोलायचं असतं तर ह्याच्यासाठी बोलले असते. पाणी ह्याच्या हिरीत पडत व्हतं. म्या पाह्यलं."

सरपंचांनी मान वर केली नाही. मी सुटले. लिहिलेलं खरं होतं आणि गावाच्या हिताचं होतं, असं निकालात आलं. मी कोर्टाच्या पायऱ्या मान ताठ ठेवून उतरले.

त्या भाऊबीजेला सासूबाईंना भावाकडून बोलावणं आलं नाही. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात. सासूबाईंनी भाऊ जिवंत असताना अंगणात उभं राहून चंद्राला ओवाळलं. मला रडू फुटलं.

"आई, माझ्यामुळं झालं हे."

"तुह्यामुळं कसं? चोरलं त्यानं," त्या ताट खाली ठेवत म्हणाल्या. "म्या नुसतं पाह्यलं. आता डोळे काढून देऊ का त्यायला?"